आमची वाटचाल : ‘डायरेक्ट’ करून देणारे दुकान

चिपळूणमध्ये २००९ साली आम्ही दुचाकींच्या वायरिंगचे दुकान सुरू केले, तेव्हा वडिलांचे बॅटरी चार्जिंगचे टेबल, एक मल्टिमीटर आणि धाकटा भाऊ एवढेच भांडवल होते. पहिल्या दोन-तीन वर्षांत गावात आमचे नाव ज्या कामामुळे झाले, ते काम आता आम्ही सहसा करत नाही, आणि केलेच तर वहीत नोंदवून करतो. ते काम म्हणजे गाडीतला सुरक्षेचा स्विच ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे तो वगळून त्याच्या वायरी थेट एकमेकींना जोडणे.

कोकणच्या पावसात साइड स्टँडचा स्विच लवकर दगावतो, कारण तो जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, पुढच्या चाकाने उडवलेल्या चिखलाच्या माऱ्यात असतो. त्याचे संपर्क गंजले की स्टँड वर असूनही गाडी तो खालीच आहे असे धरते आणि गिअर टाकताक्षणी इंजिन बंद पडते. स्विचच्या दोन वायरी कापून एकमेकींत पिळल्या आणि वर टेप गुंडाळली की दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर येत असे. नवा स्विच मागवण्यातले चार दिवस वाचल्याने गिऱ्हाईकही खूश असे. क्लचच्या स्विचचेही आम्ही तेच करत होतो.

एके सकाळी दुकानात शिकणाऱ्या मुलाने, आदल्या संध्याकाळी आम्हीच क्लचचा स्विच डायरेक्ट केलेली गाडी स्टँडवरून काढली आणि बाजूला उभ्या उभ्या सेल्फ मारला. गाडी गिअरमध्ये होती. तिने हातभर उडी घेऊन आमचे काचेचे काउंटर फोडले. मुलाचा पाय चाकाखाली आला नाही, हे केवळ नशीब. त्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघे भाऊ वायरिंगचा नकाशा घेऊन बसलो, आणि दोन वर्षे आपण नेमके काय कापत होतो ते पहिल्यांदा नीट समजून घेतले.

ही रचना अशी असते की गाडी न्यूट्रलमध्ये असेल, किंवा क्लच दाबलेला आणि स्टँड वर असेल, तरच सेल्फ लागावा. आणि स्टँड खाली असताना गिअर पडला, तर इंजिन बंद व्हावे. वायर तुटली किंवा स्विच गंजला तर गाडी अडून बसते, म्हणजे बिघाड लपून राहत नाही. डायरेक्ट केल्यावर नेमके उलटे होते : गाडी कधीच अडत नाही आणि स्टँड खाली राहिला आहे हे डावीकडच्या वळणावर, तो रस्त्याला टेकल्यावरच कळते. काही मिस्त्री न्यूट्रलची वायर सरळ अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लावून टाकतात. तो तर सर्वांत वाईट उपाय, कारण त्यामुळे मीटरवरचा हिरवा दिवा कायम पेटलेला राहतोच, शिवाय गाडी सदैव न्यूट्रलमध्ये आहे असे समजून स्टँडचा पहाराही उठतो.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अधूनमधून संपर्क सोडणारा स्विच मुंबई-गोवा महामार्गावर, मागे ट्रक असताना इंजिन बंद पाडत असेल, तर तो स्विच सुरक्षेचा राहिलेला नसतो. म्हणून ‘कधीच डायरेक्ट करू नये’ असे आम्ही म्हणत नाही. तो तात्पुरता उपाय असावा आणि मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) न कापता केलेला असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

काही गाड्यांत सेल्फच्या रिलेच्या (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा सगळा प्रवाह क्लचच्या चिमुकल्या स्विचमधून जातो आणि त्याचे संपर्क जळतात. तिथे आम्ही मध्ये एक छोटा रिले बसवून पाहिला. स्विच टिकू लागला. पण पावसात भिजणारी एक वस्तू आणि चार जोड वाढले, त्यामुळे आता गिऱ्हाईकाने मागितल्याशिवाय आम्ही रिले बसवत नाही. जोड सोल्डरचा असावा की दाबून बसवलेल्या लगचा (वायरीच्या टोकाला लावायच्या धातूच्या तुकड्याचा), यावर आम्हा भावांचे अजून एकमत नाही. माझ्या मते सोल्डर तारेत वर चढून ती ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. भावाच्या मते लग दाबणारा हात चांगला असेल तरच माझे म्हणणे खरे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुरात गाव बुडाले, त्यात दुकानही गेले. पाणी ओसरल्यावर दारात दुचाकींची रांग लागली; प्रत्येकीच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) गाळ होता, नवे स्विच कुठेच मिळत नव्हते आणि लोकांना औषधे, पाणी, नातेवाईक यांच्यासाठी गाडी लगेच हवी होती. तेव्हा स्विचच्या कपलरमध्ये नुसते खोचायचे छोटे जंपर, म्हणजे दोन टोके जोडणारे वायरीचे तुकडे, आम्ही बनवले, त्यांना लाल टेप लावली आणि गाडीचा नंबर, तारीख व कोणता स्विच बाद केला आहे ते वहीत लिहून गिऱ्हाईकाची सही घेतली. २०२० नंतरच्या अनेक गाड्यांत ही युक्ती चालली नाही, कारण त्यांच्या स्टँडला दोन वायरींच्या साध्या स्विचऐवजी तीन वायरींचा सेन्सर असतो आणि त्याचा संकेत थेट ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे जातो. त्या गाड्या स्विच धुऊन, वाळवून जमेल तशा सुरू केल्या.

नवे स्विच आल्यावर आम्ही वहीतल्या प्रत्येकाला फोन केला. निम्म्याहून अधिक गाड्या परत आल्या आणि त्यांचे जंपर डब्यात जमा झाले. उरलेल्यांपैकी एखादी आजही नुसते हॉर्नचे काम घेऊन येते, तेव्हा भाऊ आधी वाकून स्टँडजवळ लाल टेप दिसते का ते पाहतो.