तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्डफिश इतकी वर्षं जगतात कसे?

घरी येणारे टाकीपाशी थांबतात आणि हमखास विचारतात, "आमचे तर महिन्याभरात गेले. तुम्ही कुठलं औषध घालता?"

औषध काहीच घालत नाही. गोल्डफिश जातीनेच दीर्घायुषी आहे, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशरमधला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो १९९९ मध्ये गेला. ४३ वर्षं! तेव्हा महिन्याभरात मासा मेला तर तो नाजूक होता असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा त्याला पाणी बाधलेलं असतं.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. पाणी नितळ दिसतं, पण ते विषारी झालेलं असू शकतं. टाकीत वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बरंच सौम्य असतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर राहतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना लागतो, आणि आपण पहिल्याच दिवशी चार मासे सोडतो. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर जरूर आणा, विरजणासारखा उपयोगी पडतो.

म्हणूनच दर रविवारी अख्खी टाकी रिकामी करून घासणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, असं करू नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा नवी होते. आठवड्याला पाव भाग पाणी नळीने तळातून ओढून काढायचं. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. नव्या पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब घालायचे, पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा वास जास्त आला तर विशेष आठवणीने. दुकानदार सुचवतात ते निळं औषध 'असू दे' म्हणून टाकीत ओतू नये, त्यानेही हे जिवाणू दगावतात.

बाकी मांडणी साधी. तीन फूट लांबीच्या, साधारण १२० लिटरच्या टाकीत दोन मासे, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, तळ मोकळा. गडद रंगाचे खडे, प्लास्टिकचे किल्ले नकोत, त्यांच्या फटीत घाण साचते. मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडलीत तर ती नायट्रेट शोषून घेतात. हीटर नको, हा थंड पाण्यातला मासा. उलट एप्रिल-मेमध्ये कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा झाकण काढून पाण्यावर पंख्याचा वारा येऊ द्यावा. काचेच्या गोल भांड्यात मात्र कुणालाही मासा भेट देऊ नका. मला ते बघवत नाही. इतकुशा पाण्यात अमोनिया फार लवकर साठतो, आणि दोन इंचाचं ते पिल्लू पुढे वीतभर वाढणार असतं.

खाणं हे दुसरं कारण. गोल्डफिशला जठर नसतं आणि तो काचेपाशी येऊन कायम मागत राहतो. दया येते, पण दोन मिनिटांत संपेल तेवढंच द्यावं. आठवड्यातून एकदा उपास, आणि अधूनमधून उकडून सोललेला मटाराचा दाणा.

गणपतीत गावी जाताना काय, हेही विचारता. मोठा, निरोगी मासा आठवडाभर खाण्यावाचून आरामात राहतो. शेजारच्या काकूंना किल्ली देताना खाण्याचा डबा मात्र कपाटात ठेवा. त्या मायेने मूठभर टाकतात. त्यांनी फक्त वीज गेल्यावर पंप पुन्हा सुरू झाला का, तेवढं पाहावं.