पिशवी काढण्याआधी दुखण्याचं मूळ शोधा

पाळीच्या असह्य दुखण्यासाठी गर्भाशयाची पिशवी काढली की त्रास संपतो, हे खरं आहे. पण दुखण्याचं मूळ पिशवीतच असेल तरच. विशी-तिशीत हा निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा ‘काढू की नको’ याच्या आधी ‘दुखतंय ते नेमकं कशामुळे’ याचं उत्तर हवं.

अॅडिनोमायोसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्याच स्नायूत शिरतात. पिशवी फुगते, अंगावरून खूप जातं, कळा येतात. इथे पिशवी काढणं हा खरोखर कायमचा इलाज आहे. एन्डोमेट्रिओसिसमध्ये मात्र तशाच पेशी पिशवीबाहेर रुजतात: बीजांडकोषावर, पोटातल्या पडद्यावर, पिशवी आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर. नुसती पिशवी काढली आणि हे डाग तिथेच राहिले, तर दुखणंही राहू शकतं. पुष्कळ जणींना दोन्ही आजार एकत्र असतात. शिवाय वर्षानुवर्षं कळा सोसून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले राहतात. ते दुखणं कुठल्याच ऑपरेशनने जात नाही, त्याला त्या स्नायूंची जाणकार फिजिओथेरपिस्ट लागते.

हे ओळखायला आधी महागडं काही लागत नाही, तीन महिन्यांची वही लागते. रोज पाळीचा कितवा दिवस, दुखणं 0 ते 10 मध्ये किती, नेमकं कुठे, किती पॅड बदलले, गाठी पडल्या का, कुठली गोळी किती वाजता घेतली आणि तिने किती तास आराम पडला, एवढं लिहायचं. शौचाला, लघवीला किंवा संबंधाच्या वेळी दुखलं तर तेही न लाजता लिहायचं. शौचाच्या वेळची जीवघेणी कळ फक्त पाळीच्या दिवसांतच येत असेल, तर पिशवीमागे डाग असण्याची शंका घ्यायलाच हवी. उलट पाळीचा आणि दुखण्याचा काहीच मेळ बसत नसेल, तर पिशवी काढून फरक पडण्याची आशा कमी.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एन्डोमेट्रिओसिस नाही, असं होत नाही. पडद्यावरचे बारीक डाग त्यात दिसतच नाहीत. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी जास्त सांगते, पण बघणाऱ्याला या आजाराची सवय हवी. ज्यांना ती तपासणी नको असेल त्यांना एमआरआय करता येतो.

औषधं ‘लागू पडली नाहीत’ असं म्हणण्याआधी ती नीट घेतली गेली होती का, हे पाहा. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. त्यामुळे दुखणं शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी फारशी चालत नाही. पाळी येण्याच्या आदल्या दिवशी किंवा पहिल्या चाहुलीला सुरू करून दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळेला, खाऊन मगच घ्यायची. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड रक्तस्राव कमी करतं, ते वेदनाशामक नाही.

पुढची पायरी हार्मोन्सची. डायनोजेस्ट 2 मिलिग्रॅम रोज एक, मध्ये खंड न पाडता. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून रक्ताचे डाग लागतात. मन फार उदास होऊ लागलं तर ‘सहन कर’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, औषध बदलून घ्या. गर्भनिरोधक म्हणून त्यावर विसंबू नये. 52 मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेलची हार्मोनवाली कॉपर-टी (नावापुरतीच, तिच्यात तांबं नसतं) अॅडिनोमायोसिसमध्ये फार चांगली चालते. पहिले तीन ते सहा महिने डाग लागत राहतात आणि नेमकी तेव्हाच अनेक जणी कंटाळून ती काढून टाकतात. बसवताना दुखण्याची भीती असेल तर भूल मागा, त्यात गैर काहीच नाही. पाळी बंद पाडणारी जीएनआरएच इंजेक्शनं हाडं ठिसूळ करतात, म्हणून सहसा सहा महिने, आणि सोबत थोडे हार्मोन्स देऊन. मूल झालं की सगळं ठीक होईल, हा इलाज नव्हे.

दुर्बिणीतून डाग वरवर जाळण्यापेक्षा मुळासकट कापून काढणं खोल रुजलेल्या आजारात श्रेयस्कर. चॉकलेट सिस्ट (एन्डोमेट्रिओसिसमुळे बीजांडकोषात होणारी रक्ताची गाठ) काढताना बीजांडकोषाचा चांगला भागही थोडा जातो, म्हणून मुलाचा विचार असेल तर आधी एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासा आणि बीजं गोठवण्याबद्दल विचारा. गर्भाशयाचं अस्तर जाळण्याचा पर्याय तरुण वयात, दुखण्यासाठी, मी सुचवणार नाही: अॅडिनोमायोसिस स्नायूत खोल असतो, तो तसाच राहतो. आणि नंतर दिवस राहिले तर ते धोक्याचं असतं.

हे सगळं करूनही जगणं अडलेलं असेल, तर वय लहान आहे एवढ्याच कारणाने पिशवी काढायला नकार देणं मला अन्यायाचं वाटतं. मूल हवंसं वाटलं तर काय, हा प्रश्न विचारायलाच हवा; त्या बाईने विचारपूर्वक दिलेलं उत्तर ऐकूनही घ्यायला हवं.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मात्र प्रत्येक अवयवाचं वेगळं लिहून घ्या. गर्भाशयमुख ठेवलं तर दर महिन्याला थोडे डाग लागू शकतात आणि पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी) चालूच ठेवावी लागते. गर्भनलिका काढल्याने बीजांडकोषाच्या कॅन्सरचा धोका घटतो. बीजांडकोषांचा निर्णय सगळ्यात मोठा. दोन्ही काढले तर दुसऱ्याच दिवसापासून रजोनिवृत्ती: गरम वाफा, पुढे हाडं आणि हृदयाची काळजी. अशा वेळी साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन्स घ्यावे लागतात. एन्डोमेट्रिओसिस असेल तर पिशवी नसली तरी नुसतं इस्ट्रोजेन न देता सोबत प्रोजेस्टोजेनही द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. बीजांडकोष ठेवले तर पाळी जाते, हार्मोन्स चालू राहतात.

पिशवीचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं तरी सहा आठवडे जड उचलायचं नाही. आतले टाके भरेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे किंवा डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत, संबंध नाहीत. घाई केली तर टाके उसवू शकतात. ताप, तासाभरात भिजणारं पॅड, एकाच पायाची सूज, धाप लागणं किंवा योनीतून सतत पाझरणारं पाणी, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.