होम सर्व्हर: सेंटओएस ७ वरून डेबियन १२ कडे, आतापर्यंत

माझ्या घरच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ (रेड हॅट घराण्यातले लिनक्स) होते. त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला संपले, त्यामुळे हलणे भागच होते. त्याच घराण्यातले अल्मा किंवा रॉकी लिनक्स घेतले असते तर हाताच्या सवयी तशाच चालल्या असत्या. पण डेबियन या दुसऱ्या वळणाच्या लिनक्समध्ये एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जागेवरच जाण्याची रीतसर सोय आहे, आणि दर काही वर्षांनी सगळे नव्याने मांडायची मला हौस नाही.

नवी सिस्टीम वेगळ्या एसएसडीवर टाकली. जुनी बूट डिस्क काढून तशीच ठेवली आहे, काही बिनसले तर परत लावायला.

डेटाची डिस्क (फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली मांडण्याची पद्धत, एक्सएफएस) पहिल्या झटक्यात माउंट झाली, म्हणजे सिस्टीमला जोडली गेली. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये मात्र इशारा दिसला: या फाइल सिस्टीमचे टाइमस्टॅम्प, म्हणजे फाइलींच्या तारीख-वेळेच्या नोंदी, २०३८ पर्यंतच. एक्सएफएसची 'बिगटाइम' सोय चालू केली की मर्यादा २४८६ पर्यंत जाते, पण मग सेंटओएसचे जुने ३.१० कर्नल ती डिस्क माउंटच करणार नाही, म्हणजे परतीची वाट बंद. सध्या इशारा राहू दे.

पोस्टग्रेस हा डेटाबेस ९.२ वरून थेट १५ वर नेला. डेटा डिरेक्टरी उचलून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. पूर्ण डंप (सगळ्या डेटाची निर्यात) काढून नव्यात भरला. आवृत्ती तीच असती तरी मी डंपच घेतला असता. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले, त्यामुळे मजकुरावरचे जुने इंडेक्स (डेटाबेसच्या शोधसूची) गुपचूप चुकू शकतात. डंपमधून भरताना ते नव्याने बनतात. वेबच्या फाइलींची मालकीही बदलावी लागली: सेंटओएसमध्ये वेब सर्व्हरच्या 'अपाची' युजरचा क्रमांक ४८, डेबियनमध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'चा ३३.

रेड हॅटच्या वळणातून येणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. डेबियनमध्ये सांबासारखे (नेटवर्कवर फाइली वाटणारे) पॅकेज टाकले की सर्व्हिस लगेच चालू होते, तुम्ही कॉन्फिग उघडायच्या आतच. मला हे अजिबात पटत नाही. म्हणून एनएफटेबल्स या फायरवॉलचे नियम आधी, पॅकेजेस नंतर.

डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग साध्या फाइलींत लिहिणारा प्रोग्राम) आपोआप येत नाही, लॉग फक्त सिस्टमडीच्या जर्नलमध्ये. फेल२बॅन (चुकीचे लॉगिन वारंवार करणाऱ्यांना अडवणारा प्रोग्राम) मात्र जुन्या लॉग फाइलच्या शोधात सुरूच होत नाही. त्याच्या कॉन्फिगमध्ये बॅकएंड (लॉग वाचण्याची जागा) 'सिस्टमडी' केला की चालतो.

प्रोग्रामना बंधने घालणाऱ्या एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेच्या जागी इथे ॲपआर्मर आहे, त्याने अजून काही अडवलेले नाही. सांबाचे युजर आणि क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे आणायची राहिली आहेत. ती झाली की जुनी बूट डिस्क पुसायची आणि मग बिगटाइम.