रिपोर्ट नॉर्मल, माणूस आजारी

तालुक्याच्या एका लॅबच्या खिडकीवरचा राग अजून उतरला नाही, म्हणून हे लिहून काढते.

यंदा पावसाळ्यात आमच्या गावात बऱ्याच घरांत जुलाब लागले. थांबायचे, पुन्हा लागायचे. पोट फुगायचं, भूक मेली, माणसं वाळत चालली. आशाताईंच्या ओआरएसनं जीव तगला, पण मामाजींना अंथरुणातून उठवेना. डॉक्टरसाहेबांना सायक्लोस्पोरा या परजीवीचा संशय आला आणि त्यांनी संडासची तपासणी लिहून दिली.

रिपोर्ट आला, काही आढळलं नाही. "सगळं नॉर्मल आहे, बाई," खिडकीतून उत्तर. डॉक्टरसाहेब म्हणाले, नेहमीच्या तपासणीत हा जंतू बहुतेक वेळा सुटतो. काचपट्टीला वेगळ्या रीतीनं रंग द्यावा लागतो आणि तसं नाव घेऊन मागावं लागतं. त्यांनी चिठ्ठीवर ठळक लिहिलं: मॉडिफाइड ॲसिड-फास्ट, सायक्लोस्पोरासाठी.

पुन्हा तीच खिडकी. "हे आमच्या यादीत नाही. नागपूरले न्या."

"टीबीच्या थुंकीला लाल रंग देता ना भाऊ, त्याच जातीचा रंग आहे म्हणे."

"तो विभाग वेगळा. बाजूला व्हा, मागं लाइन आहे."

रंग आहे, सूक्ष्मदर्शक आहे, आत तंत्रज्ञ बसलेला दिसतो आहे, आणि एक कागद त्याच्या टेबलापर्यंत जाऊ देत नाहीत! आजारी म्हाताऱ्याला एसटीत बसवून नागपूरला न्यायचं कोणी? मी हलले नाही. तंत्रज्ञ चहाला बाहेर आला तशी चिठ्ठी त्याच्याच हातात दिली. त्यानं वाचली आणि म्हणाला, "होते ना, ताई. नमुना आणा." एवढंच होतं ते! पहिल्या नमुन्यात काही दिसलं नाही, तेव्हा त्यानंच समजावलं की हा जंतू रोज सारखा पडत नाही, वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्या. मग सापडला. आठ ते दहा मायक्रॉनचे लालसर गोळे त्यानं मला दाखवलेसुद्धा. म्हणून चिठ्ठी थेट तंत्रज्ञाला दाखवा, खिडकीवर वाद घालत बसू नका.

औषध कोट्रायमोक्साझोलचं, डॉक्टरांनीच ठरवलेलं. त्यात सल्फा असतं, म्हणून सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. दुकानातून आणलेल्या मेट्रोनिडाझोलनं हा जंतू जात नाही. मामाजी आता भाकर खातात.

आता भाजीचं. क्लोरीनचे थेंब कॉलऱ्यासाठी चांगले, पण सायक्लोस्पोरा त्यानं मरत नाही. मिठाच्या पाण्यावरही भरवसा ठेवू नका. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यानं तो कमी होतो, पूर्ण जात नाही. शिजवल्यानं मरतो. आमच्याकडे सगळ्यावर कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरायची सवय. साथ असेपर्यंत तो उकळत्या वरणातच टाका. सांबारवडीचं सारण नीट परतून, वडी तळून खा. काकडी धुऊन, सोलून. कच्चा पालक, मुळ्याचा पाला बंद. पिण्याचं पाणी उकळूनच.

अमेरिकेत १९९६ साली ग्वाटेमालाच्या रासबेरीतून याचीच मोठी साथ आली होती. मेक्सिकोतल्या पुएब्लाची ताजी कोथिंबीर तर त्यांनी २०१५ पासून एप्रिल ते ऑगस्ट अडवायला घेतली. जिथं पिकाच्या पाण्यात माणसाची घाण मिसळते, तिथं हे होतं. नाल्याच्या पाण्यावर भाजी काढणाऱ्यांना आम्ही घरोघर जाऊन विहिरीचं पाणी द्यायला सांगितलं. काहींनी ऐकलं.

आणि आजाऱ्याचं ताट-वाटी वेगळं काढून त्याला ओसरीत टाकू नका. हा जंतू अंगाबाहेर पडल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी बाधा करण्याजोगा होतो, शेजारी बसल्यानं लागत नाही. हात साबणानं धुवा, संडास उघड्यावर नको, आणि त्याला जवळ बसवून जेवू घाला.