कामास निरुपयोगी

मी सरकारी जनावरांचा डॉक्टर. माणदेशातल्या एका दवाखान्यात होतो तेव्हाची गोष्ट आहे, २०१८ च्या पावसाळ्यातली, पावसाळा म्हणायचा एवढंच. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, चार-पाच दिवसांवर आला होता. सकाळी सहाला फोन, "डॉक्टर, आमच्या बैलाला बघा ओ, उठंना झालाय, पायातनं रगात चाललंय." मला वाटलं फाळ लागला असेल, आमच्याकडे नांगराचा फाळ मागच्या पायाला लागायच्या केसेस येतातच, म्हणून सुई-दोरा, भुलीचं औषध, कापूस असं घेऊन गाडी काढली.

गोठ्यात पोचलो तर खिलार जातीचा बैल, पांढराशुभ्र, डाव्या अंगावर बसलेला आणि खाली सगळा चिखल लाल. मागच्या उजव्या पायाची घोडनस तुटलेली. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, मागच्या पायाच्या ढोपराच्या वर जी जाड दोरीसारखी शीर लागते ना हाताला, ती. ती तुटली की पाय ताठ राहत नाही, जनावर उभं केलं तरी ढोपर खाली जमिनीला टेकतं. चारशे किलोचं जनावर, शिवून पण ती शीर जुळेल याची आशा फार कमी.

जखम धुतली आणि तिथंच कळलं की हा फाळ नाही. फाळाची जखम खाली खुराजवळ असते, फाटलेली, माती घुसलेली. इथं कातडं आणि शीर एका रेषेत साफ कापलेली, बाहेरून आत तिरपी, आणि दोन बोटं खाली अजून एक उथळ वार, पहिल्यांदा हुकलेला. दोन वार एकमेकाला समांतर, रात्री दाव्याला बांधलेल्या बैलावर. मी काही बोललो नाही पण आबा (मालक, सत्तरीचे असतील) माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणाले, "कोयत्याचा हाय न्हवं?" बांधावरनं पुतण्याशी भांडण चालू होतं हे गावात सगळ्यांनाच माहिती, आदल्या आठवड्यातच बांध कोरल्यावरून शिवीगाळ झालेली.

शिवलं, बांबूच्या कामट्या लावून प्लास्टर घातलं, दर तीन-चार तासांनी कूस बदलायला सांगितली नाहीतर बसून बसून अंगाला जखमा पडतात. तोवर हवालदार आले पंचनाम्याला. त्यांनी मला पोलिसांचं पत्र दिलं, जखम कशाने झाली, किती जुनी, जनावर कामाचं राहिलं का, किंमत किती. हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, कामास कायमचा निरुपयोगी असं स्पष्ट लिहा, नाहीतर कलम ४२९ टिकायचं नाही, मग राहतो तो प्राणी क्रूरतेचा कायदा, त्यात दंड किती माहितीय का?" माहिती होता. १९६० च्या त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. अहो, पन्नास रुपयांत आज बैलाची वेसणसुद्धा येत नाही. आणि तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या ४२९ ला, म्हणजे जनावराची नासधूस करण्याच्या कलमाला, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून मी लिहिलं, "सदर बैल शेतीकामास कायमचा निरुपयोगी झालेला आहे."

आबांना वाचता येत होतं. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, "डॉक्टर, निरुपयोगी नका लिहू." मी समजावलं की तुमच्याच केसला जोर येतो, नुकसान दिसतं. ते म्हणाले, "नुकसान लिवा की. पर त्याला निरुपयोगी म्हनू नका, त्यो ऐकतोय." शेजारी दोघं-तिघं हसले. मी पण थोडा हसलो असेन. कागद तसाच गेला.

किंमतीचा घोळ वेगळाच. जोडी खरसुंडीच्या यात्रेतून एक लाख चाळीस हजारांना आणलेली, म्हणून मी एकाचे सत्तर हजार लिहिले. आबांचं म्हणणं, जोड फुटली तर दुसरा बैल पण अर्ध्या किंमतीचा झाला, त्याच्या उंचीचा, त्याच्या चालीचा जोडीदार परत कुठं शोधायचा. खरं होतं, पण वार एकालाच झालेला, दुसऱ्याला कुठल्या कागदात घालू? त्यात २०१५ पासून बैल कत्तलीला बंदी, म्हणजे असा बैल घेणार कोण, मरेपर्यंत सांभाळायचा. गाई-बैल-म्हशींना ४२९ मध्ये किंमतीची अट नव्हतीच म्हणा. शेळी-मेंढी असती तर पन्नास रुपयांची अट होती. आता नव्या भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, कलम ३२५ झालंय आणि कुठल्याच प्राण्याला किंमतीची अट राहिली नाही, ते एक बरं केलं.

बेंदराला मी ड्रेसिंगला गेलो तर बैल बसल्या जागी, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, पुढ्यात पुरणपोळी. आबांनी मलाही वाढली.

साक्षीला बोलावणं आलं २०२३ ला, तोवर माझी बदली झालेली, दोन तालुके ओलांडून गेलो. पंच आधीच फितूर झाले होते, कोयता आमच्यासमोर जप्त झालाच नाही म्हणाले, म्हणजे भार सगळा माझ्यावर. आरोपीचे वकील तयारीचे होते. फाळ लागला असेल का, तारेत अडकला असेल का, दोन्हीला मी नीट उत्तरं दिली, दोन समांतर वारांचं सांगितलं तेव्हा न्यायाधीशांनी पण मान वर केली. मग वकील म्हणाले, बैल आज जिवंत आहे का? मला कुठून माहिती? मागच्या बाकावरनं आबाच बोलले, "हाय की." कोर्टाने गप्प केलं त्यांना. वकील म्हणाले, "पाच वर्षं जिवंत, त्याचं शेण शेतात जातं, मग निरुपयोगी कशावरून?" मी जरा अडखळलो. तेवढ्यात सरकारी वकील बाईंनी उठून कलमच वाचून दाखवलं, ठार मारणे, विष देणे, विकलांग करणे *किंवा* निरुपयोगी करणे. किंवा! विकलांग एवढं पुरेसं होतं. "उजव्या मागच्या पायाने कायमचा अधू" असं लिहिलं असतं तरी ४२९ उभं राहिलं असतं, आणि मी हवालदाराचं ऐकून नको तो शब्द घातला होता, कलम न वाचता. पाच वर्षांपूर्वी पाच मिनिटांचं काम होतं ते.

केस निकालापर्यंत गेलीच नाही. हा गुन्हा जनावराच्या मालकाला मिटवता येतो, आणि भावकीने बसून मिटवला. पुतण्याने एक खोंड घेऊन द्यायचं आणि बांध मोजून घ्यायचा असं ठरलं. मला राग आला होता खरंतर, दोन तालुके ओलांडून आलेलो, पण आबा म्हणाले, "म्या किती दीस जगनार, पोरांस्नी बांधाला बांध लावून ऱ्हायचंय."

कोर्टाच्या आवारात चहा घेताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, त्या कागदावरचा त्यो शबुद आता खोडता येतो का?" मी म्हटलं, त्याला निशाणी नंबर पडलाय आबा, म्हणजे कोर्टाचा पुरावा झालाय तो, आता नाही खोडता येत. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले. आणि लगेच, त्या नव्या खोंडाला जंताचं औषध कधी द्यायचं, पावसाआधी का नंतर.