पितळखोऱ्याच्या खांबावर आमचा पैठणकर

रविवारी सकाळी सहालाच संभाजीनगरहून बाईक काढली, कन्नडला पोहे-चहा हाणला आणि थेट पितळखोरा. सोबत चुलतभाऊ, त्याला लेण्यांचं काही पडलेलं नाही, धबधब्यापाशी रील काढायची म्हणून आलेला. पायऱ्या उतरता उतरताच गुडघे बोलायला लागले.

मी मूळचा पैठणचा, त्यामुळं इथल्या एका लेखाचं मला लै कौतुक. चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, एका खांबावर ब्राह्मी या जुन्या लिपीत कोरलंय की पतिठानच्या मितदेव गंधिकाच्या कुळानं हा खांब दान दिला. पतिठान म्हणजे आपलं पैठण आणि गंधिक म्हणजे अत्तरवाला! टॉर्च समोरून मारला तर नुसता दगड दिसतो, बाजूनं तिरका धरला की अक्षरं उठतात. ब्राह्मीतला ठ म्हणजे नुसता गोल, तो सापडला आणि मी ओरडलोच.

भाऊ म्हणला, "दादा, पण पहिल्यांदा हे कुणाला वाचता आलं, शिकवणारं तर कुणी उरलंच नव्हतं ना?"

बरोबर विचारलं पठ्ठ्यानं. 1836 मध्ये लासेन नावाच्या अभ्यासकाला अगथोक्लीस राजाचं नाणं उपयोगी पडलं, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी, नाव तेच. मग 1837 मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीतला जेम्स प्रिन्सेप सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे लेख बघत होता आणि त्याच्या ध्यानात आलं की जवळपास सगळ्यांचा शेवट सारख्याच अक्षरांनी होतोय. आता देवळाच्या फरशीवर, पंख्यावर आपल्याकडं काय लिहितात, अमक्याकडून भेट, तसंच हे असणार, म्हणून त्यानं शेवटचा शब्द 'दानं' धरला, आणि त्याच्या आधी येणारा 'स' म्हणजे 'अमक्याचं'. द, न, स हातात आले आणि बाकीची अक्षरं भराभर सुटत गेली, अशोकाचे स्तंभसुद्धा. म्हणजे राजाच्या मोठ्या लेखाचं कुलूप साध्या देणगीदारांनी उघडलं, मला तर हेच भारी वाटतं. सिंधू लिपीचं घोडं अजून अडलंय ते यामुळंच, लेख एकदम तोकडे आणि शेजारी ओळखीची भाषा कोरलेला एकही दगड नाही.

भाऊ गप्प झाला. मग म्हणला, "अजिंठ्यातबी असंल का दानं?" म्हणलं आहे की, 10 नंबरच्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर, वासिठीपुत कटहादीचं.

धबधब्याची रील राहिलीच.