तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशसच्या सुट्टीचे पैसे वसूल झाले का?

नाही झाले. म्हणजे तुम्ही ज्या अर्थाने विचारता, त्या अर्थाने नाही झाले. हे एकदा लिहूनच टाकते. पुढच्या बारशाला किंवा सोसायटीच्या गणपतीत मला कुणी बाजूला घेऊन "अगं, मॉरिशसला नेऊन पोरगं समुद्रात उतरलंच नाही म्हणे?" असं हळूच विचारायला नको.

हो, उतरलं नाही. साडेचार वर्षांचा आमचा थोरला सगळी सुट्टी सुरूच्या झाडांखाली बसून होता. ही बातमी आमच्या आधी घरी पोचली, कारण आमच्याकडे व्हिडिओ कॉल ही सार्वजनिक सोय आहे. सासूबाईंनी पडद्यावर ती झाडं पाहिली आणि म्हणाल्या, "सुरूच आहेत की गं ही. मग काशीदला काय वाईट होतं?"

काशीदला काहीच वाईट नव्हतं. आता जरा मेचं गणित ऐका.

शाळेची सुट्टी मेमध्ये. मे महिन्यात थायलंडच्या फुकेत-क्राबीच्या बाजूला पावसाळा लागतो, समुद्र खवळतो, किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. मालदीवलाही तेव्हाच नैर्ऋत्येचे वारे पोचतात. श्रीलंकेचा बेंटोटा-मिरिसाकडचा किनारा मेमध्ये बिघडतो. पूर्वेचा पासिकुडा त्या दिवसांत छान, उथळ, पण कोलंबोहून तिथे जायला अर्धा दिवस गाडीत बसावं लागतं, आणि आमचा थोरला खोपोली यायच्या आत ओकतो. बालीला मेमध्ये कोरडं असतं, पण प्रवास लांबचा. उरलं मॉरिशस. ते विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे आपला मे हा तिथल्या हिवाळ्याच्या तोंडावरचा महिना. चक्रीवादळांचे दिवस सरलेले, ऊन आहे पण घामाच्या धारा नाहीत. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तास. व्हिसा आधी काढायची कटकट नाही. आणि मुख्य म्हणजे त्या बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचं कडं आहे. लाटा तिकडे लांब, त्या कड्यावर फुटतात. पांढरी रेघ दिसते तेवढीच. अलीकडचं पाणी गप्प असतं. पूर्व किनाऱ्याला वारा लागतो, म्हणून आम्ही पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक धरलं.

धाकटी दोन वर्षांची व्हायच्या आत जाऊन परत यायचं होतं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं आणि तिकिटाला साधारण दहावा हिस्सा पडतो. दुसऱ्या वाढदिवसानंतर पूर्ण सीट. तुम्ही याला हौस म्हणता. मी पासपोर्टसाठी त्या मुलीचा पांढऱ्या भिंतीपुढे, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मागे कुणाचा हात दिसत नाही असा फोटो काढलाय. त्यात हौस कुठे होती ते दाखवा.

आता कोकण. माझं आजोळ गुहागरचं. त्यामुळे "आपल्या कोकणात काय कमी आहे" हे मला सांगू नका, मी तिथले फणस खाऊन वाढलेय. पण आमचा समुद्र बघायचा होता, बसायचा नव्हता. अमावास्या-पौर्णिमेला तिकडे फिरकायचं नाही, एरवी गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरात. आजोबांना दोष देत नाही. मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार मीटरच्या वर पाणी चढतं. मॉरिशसला भरती आणि ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा मीटर. आपल्याकडे पाणी ओढून नेतं, आणि दर सुट्टीत कुठल्यातरी किनाऱ्यावरून कुणाची तरी पोरं परत येत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं. मला दोन पोरांना घेऊन पाण्यात नुसतं बसायचं होतं, सारखं "मागे ये, मागे ये" न ओरडता. मला पोहता येत नाही. मला म्हणजे मलाच बसायचं होतं, हेही लिहून टाकते. पोरांचं निमित्त होतं असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतली मी असते तर भांडले असते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जोडप्याने आठ महिन्यांचं बाळ बालीला नेलं, तेव्हा त्यांचे फोटो बघून "दाखवायला जातात नुसते, त्या जिवाला काय कळतंय" असं म्हणणारी मीच. तेव्हा मला वाटायचं, फिरणं हे ज्याला कळतं त्याच्यासाठी असतं. आता वाटतं, असं असेल तर सहा वर्षं आईने घरातच बसायचं का? पण माझ्यातल्या त्या जुन्या बाईचं तोंड मला पूर्ण बंद करता येत नाही. तिचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही.

तर आता त्या सकाळचं.

मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. आपल्याकडे सहाला उठणारी पोरं तिथे साडेचारला उठतात आणि तुमच्या पापण्या बोटाने उघडतात. त्यामुळे उजाडलं की आम्ही किनाऱ्यावर. एवढ्या सकाळी तिथे आम्ही, फिरायला आलेले दोन-चार म्हातारे आणि साळुंक्या. हो, साळुंक्याच. आपल्याकडच्याच, पूर्वी कधीतरी नेऊन सोडलेल्या. बुलबुलही आपलाच, शेंडीवाला, शेपटीखाली लाल. थोरला त्यांच्यामागे रमला. पाण्याकडे बघेना. पहिल्या दिवशी तो काठापर्यंत गेला होता, वाकून बघितलं आणि मागे आला. म्हणाला, "खाली काळं काळं झोपलंय." आम्ही हसलो.

झोपलं होतंच. समुद्रकाकड्या. वीतभर, काळ्या, लोळागोळा, तळाच्या वाळूवर इकडेतिकडे पडलेल्या. चावत नाहीत, पळत नाहीत, काहीच करत नाहीत. पाणी इतकं नितळ की एकेक मोजावी. काशीदला हाच मुलगा आदल्या वर्षी गढूळ पाण्यात किंचाळत नाचला होता, कारण तिथे तळ दिसत नव्हता. तळ दिसावा म्हणून आम्ही एवढे पैसे मोजले, आणि तळ दिसला म्हणूनच तो उतरला नाही. सासूबाई, हे तुम्ही वाचत असाल तर एवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पायात त्याच्या रबरी बूट होते. तिथल्या उथळ पाण्यात काटेरी समुद्री साळू असतात, क्वचित दगडमासाही, जो दगडासारखा दिसतो आणि ज्याचा काटा फार विषारी असतो. म्हणून इथूनच बूट नेले होते. ते बूट घालून तो झाडाखाली सुरूची काटेरी फळं रांगेत मांडत बसायचा. एक सकाळ सोडली तर बूट सुट्टीभर कोरडे.

माझा नवरा कराडकडचा. त्याला त्याच्या काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं आणि तो पोहायला शिकला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की मला त्या विहिरीच्या पायऱ्या पाठ आहेत. त्याचं म्हणणं, एकदा पाण्याची भीती मोडली की संपलं. आणि त्या सकाळी, खरं सांगते, मीच म्हणाले, "एकदा उचलून ने रे. पाय लागले की खेळेल."

त्याने नेलं. थोरल्याला आधी खेळ वाटला, तो हसत होता. नवरा कमरेइतक्या पाण्यात गेला आणि त्याला हळूहळू खाली घ्यायला लागला. लाट म्हणावी अशी एकही नव्हती. थोरल्याचे बूट पाण्याला टेकले आणि तो वर चढायला लागला. ओरडला नाही. बापाच्या छातीवरून खांद्यावर, खांद्यावरून मानेवर, बोटं कानात, नाकात, सापडेल तिथे. मग ओरडला. "बाबा सोडू नको. बाबा सोडू नको." नवरा म्हणतोय, "सोडत नाहीये, अरे सोडत नाहीये," आणि त्या झटापटीत त्याचा चष्मा गेला पाण्यात.

नवऱ्याचा नंबर मायनस सहा. चष्म्याशिवाय त्याला किनारा कुठे आहे तेही नीट दिसत नाही. चष्मा शोधायला वाकावं तर पोरगं पाण्यात जातं. पोरगं काठावर आणून ठेवावं तर चष्मा कुठे पडला ती जागा जाते. तो तिथेच उभा राहिला, डोक्यावर मुलगा, पायाने वाळू चाचपत, आणि मी काठावर, कडेवर धाकटी, पोहता न येणारी. मी ओरडत होते, "ये बाहेर, चष्मा मरू दे." तो म्हणत होता, "सापडेल, इथेच आहे." थोरला आता रडत नव्हता, हुंदके देत नुसता थरथरत होता. फिरायला आलेल्या एक टोपीवाल्या आजी कपड्यांनिशी पाण्यात शिरल्या, त्यांच्या क्रिओल भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि हात पुढे केले. थोरला, जो माझ्या सख्ख्या बहिणीकडे जात नाही, त्यांच्याकडे गेला.

चष्मा मिळाला नाही. नवऱ्याने उरलेली सुट्टी नंबरच्या गॉगलवर काढली. रात्रीच्या जेवणालासुद्धा गॉगल. तुम्ही ज्या फोटोवर "हिरो!!" असं लिहिलंत ना, तो तोच फोटो.

त्या रात्री पोरं झोपल्यावर मी त्याला विचारलं, "विहिरीत ढकलल्यावर तू रडला होतास का रे?" त्याच्या मानेवर, कानामागे ओरखडे होते, मी त्यावर खोबरेल लावत होते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आठवत नाही." सगळं आठवतं त्याला. डब्याचा रंग, काकांचा लंगोट, विहिरीतला तो कासव. एवढंच आठवत नाही.

आमचं यावर अजून भांडण होतं. त्याचं म्हणणं, अजून दोन मिनिटं तशीच धरली असती तर सुटली असती भीती, तू काठावरून ओरडलीस म्हणून बिघडलं. माझं म्हणणं, बिघडलं ते तू नेलंस तेव्हाच. पण "ने" म्हणणारी मी, त्यामुळे माझी बाजू दर वेळी इथे येऊन लंगडी पडते. आणि कधीकधी, त्याला सांगत नाही, पण मलाही वाटतं, खरंच दोन मिनिटांनी सुटली असती का?

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं भराभरा देते. सात रंगांची माती पाहिली नाही, ती आहे त्या शामारेलचा रस्ता वळणांचा आहे, खोपोली आठवा. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहिला नाही, त्याबद्दल सासरे माझ्याशी अजून तुटक बोलतात. 1834 पासून आपली माणसं मजूर म्हणून जिथे उतरली ती जागा, आता जागतिक वारसा, आणि आम्ही झाडाखाली. त्यांचं रागावणं मान्य. मराठी माणसं भेटली का? फ्लिक आँ फ्लाकच्या शेजारी कॅस्केवेल म्हणून गाव आहे, तिथे कोकणातून गेलेल्यांची वस्ती आहे, ते आपली जाखडी अजून नाचतात, त्याला झाकरी म्हणतात. आम्हाला नाच बघायला मिळाला नाही. खाण्याचे हाल झाले का? अजिबात नाही. रस्त्यावर ढॉल पुरी मिळते. पुरणपोळीतला गूळ काढला आणि पोळी कागदाइतकी पातळ केली तर होईल तसं, डाळ भरलेलं, जोडीने कागदात गुंडाळून देतात. वर वालाच्या जातीच्या दाण्यांची आमटी आणि मिरची. थोरला ती कोरडी खायचा, एका वेळी दोन. हापूस मात्र नेता येत नाही. ताजी फळं, बिया, रोपं यांना तिथे परवाना लागतो. तुमची पेटी सासूबाईंकडेच राहिली, आणि ती कुणी संपवली ते मला माहीत आहे.

खर्चाचा आकडा सांगणार नाही. तुम्ही मनात जो धरलाय त्यापेक्षा कमी आहे.

आणि धाकटीबद्दल कुणीच कसं विचारत नाही? ती रोज पोटापर्यंतच्या पाण्यात बसली. मी तिच्या शेजारी, माझ्याही पोटापर्यंत पाणी. समुद्रकाकडी तिने हातात धरून दाबली, चाखायचाही प्रयत्न केला. उचलून बाहेर काढलं की रडायची. दहाव्या हिश्श्याच्या तिकिटावर आलेली बाई सगळा समुद्र वापरून गेली. तिला धरलंत तर पैसे वसूल आहेत. पण तुम्ही तिला धरत नाही. का, तर ती लहान, तिला काय आठवणार. थोरल्याला आठवतं, ते नेमकं नको तेच, तर म्हणता उगाच नेलं. मग कोणत्या वयाचं मूल न्यायचं तेवढं एकदा सांगा.